क्रिस्टलडिस्कइन्फोत निळं 'गुड' दिसलं म्हणजे हार्डडिस्क ठणठणीत? (चर्चा)

माजिवडा_जंक्शन
काल इथे 'एसएसडी_लाव' या आयडीने लिहिलंय, जसंच्या तसं देतो: "पेनड्राइव्हवरून बूट करून डिस्क टेस्ट करणं हे हिरेन्स सीडीच्या जमान्यातल्या लोकांचे चोचले आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, निळं गुड दिसलं तर डिस्क चांगली, पिवळं दिसलं तर फेकून द्या. विषय संपला." वर त्याला लाइकांचा पाऊस.

विषय संपला म्हणे. अहो साहेब, ते निळं गुड येतं कुठून? डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात, क्रिस्टलडिस्कइन्फो हे विंडोजमधलं टूल तीच दाखवतं, आणि रंग ठरतो मुख्यतः त्यातल्या ५, १९७ आणि १९८ या तीन नंबरांवरून. त्यातला १९७ म्हणजे डिस्कला वाचता आला नाही आणि ज्याचा निकाल अजून लागायचाय असा सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा). पण तो खराब झालाय हे डिस्कला कळणार कधी, तर तिथे वाचायला गेल्यावर. तुमचे २०१४ च्या गणपतीचे फोटो ज्या कोपऱ्यात पडलेत तिकडे इतक्या वर्षांत कुणी फिरकलंच नसेल तर आकडा शून्य राहणार आणि रंग मस्त निळा. मग एक दिवस फोल्डर कॉपी करायला घेता आणि ती हिरवी पट्टी मध्येच अडकून बसते. म्हणून अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत एकदा वाचून काढायची, त्यानंतर पुन्हा ते आकडे बघायचे, त्याआधी निळ्याला काडीची किंमत नाही.

आणि बाहेरून बूट कशासाठी? तर ज्या डिस्कवर विंडोज आहे त्याच डिस्कची परीक्षा घेताना विंडोज तिच्यावरच नाचत असतं. पेजफाइल, अपडेट, इंडेक्सिंग, डिफेंडर अँटिव्हायरस. एखादा ब्लॉक हळू वाचला गेला तर दोष डिस्कचा की डिफेंडर मध्ये घुसला, सांगा कसं ठरवणार. शिवाय मरणाऱ्या डिस्कवर विंडोज चालू ठेवणं म्हणजे तिच्यावर अजून लिहीत राहणं. एका पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (पेनड्राइव्ह बूटेबल करणारं टूल), त्यात कुठल्याही लाइव्ह लिनक्सची, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सची आयएसओ फाइल, टर्मिनलमध्ये स्मार्ट वाचणारी स्मार्टसीटीएल कमांड. एवढंच काम आहे.

एसएसडी_लाव
माझ्या एका ओळीवर एवढा निबंध, आभारी आहे. आता जरा खरं बोलू. स्मार्टची एक्स्टेंडेड टेस्ट, म्हणजे अख्खी डिस्क वाचून बघणारी, डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) करतं, आतल्या आत, डेटा केबलवरून बाहेर येतच नाही. मग ऑर्डर विंडोजने दिली काय नि तुमच्या लिनक्सने दिली काय, फरक काय पडतो? आणि पृष्ठभाग वाचायचाच असेल तर व्हिक्टोरिया हे डिस्क तपासायचं टूल विंडोजमध्येही चालतं. काही नवीन लॅपटॉपमध्ये तर तुमच्या बूटेबल टूलला डिस्क दिसतच नाही, इंटेलचं व्हीएमडी (डिस्क हाताळायचा वेगळा मोड) चालू असतं. मग तुमच्यासारखे लोक सल्ला देतात की बायोसमध्ये जाऊन मोड बदला, आणि पुढच्या वेळी विंडोज निळा स्क्रीन देतं नाहीतर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) ४८ आकडी की मागत बसतं. माझ्या मेव्हण्याचं अगदी हेच झालं. की कुठे आहे विचारलं तर म्हणतो कसली की. तीन वर्षांचा ऑफिसचा डेटा, अशाच एका 'एक्स्पर्ट'च्या कृपेने. डिस्क एकदम चांगली होती हो, आजही आहे, उघडत नाही एवढंच!

माजिवडा_जंक्शन
तुमच्या मेव्हण्याला बायोस बदलायला मी सांगितलं नव्हतं. आणि मूळ मोड परत लावला असता तर बहुतेक वेळा विंडोज पुन्हा उठतं, ते न करता घाबरून फॉरमॅट केलं असणार.

एक्स्टेंडेड टेस्ट डिस्कच करते हे मान्य, मी कुठे नाही म्हणालो. पण विंडोज तिच्यावर काम करत असताना ती टेस्ट मागे पडत राहते, तासाची चार तास होते, आणि लॅपटॉप मध्येच झोपला तर बोंबललंच. आणि विंडोज उघडतच नसेल तर तुमचं क्रिस्टलडिस्कइन्फो कशावर चालवणार, कपाळावर?

कोपरखैरणे_रिपेअर
दुकानवाला आहे, माझं पण ऐका. लोक येतात आणि म्हणतात पीसी स्लो आहे, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवतंय, म्हणजे डिस्क गेली ना? अहो ५४०० आरपीएमच्या डिस्कवर विंडोज १० टाकलं की चांगली डिस्कपण १०० टक्के दाखवते. आधी ते काय आहे हे बघायला मला वेळ लागतो. १ टीबीची डिस्क पूर्ण वाचायला सरळ साटावर (पीसीच्या आतल्या केबलवर) दोन ते चार तास, आणि यूएसबी २ च्या डब्यात लावली तर नऊ तास धरून चाला. तेवढा वेळ माझा टेस्ट बेंच अडकतो. मग चेकिंगचे पैसे मागितले की तोंड वाकडं. "नुसतं चेकच तर केलं, रिपेअर कुठे केलं?" डॉक्टरकडे ईसीजी काढून रिपोर्ट नॉर्मल आला तर पैसे परत मागता का?

आणि स्मार्टमधला १९९ नंबर वाढत असेल तर डिस्क फेकू नका रे बाबांनो, तो सीआरसी एरर, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेली चूक, बहुतेक वेळा केबल ढिली किंवा खराब. साटा केबल बदला. जुना वाढलेला आकडा शून्य होत नाही, फक्त पुढे वाढत नाही ना ते बघा. तसंच फाइली करप्ट होतायत पण डिस्क स्वच्छ निघतेय तर एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारं टूल) लावा, दोषी रॅम निघते.

नेरूळची_काकू
तुमच्या दुकानदारांबद्दल मला बोलायचंच होतं. तुमच्याबद्दल नाही, एकूणात. आमच्याकडच्या एकाने "बॅड सेक्टर रिपेअर करून देतो" म्हणून डिस्क ठेवून घेतली, दोन दिवसांनी दिली, चालत होती. मुलीच्या बारशाचे फोटो मात्र त्यातून गेलेले. विचारलं तर म्हणाला मॅडम ते आधीच गेले होते. आता मला सांगा रिपेअर म्हणजे नक्की काय करतात हे लोक?

माजिवडा_जंक्शन
काकू, दुरुस्त असं काही होत नाही. खराब सेक्टरवर काहीतरी लिहिलं आणि ते नीट बसलं नाही की डिस्क तो बाजूला काढते आणि राखीव साठ्यातला दुसरा त्याच्या जागी देते, स्मार्टमध्ये ५ नंबर एकने वाढतो, १९७ कमी होतो. आधी त्या जागी जे होतं ते मात्र गेलं. म्हणजे टूल सांगतं 'रिपेअर्ड' आणि ते त्याच्या परीने खरंच असतं. म्हणूनच घसा कोरडा करून सांगतो की डिस्कवर संशय आला की टेस्ट नंतर, डेटा आधी. लाइव्ह लिनक्समधून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची नक्कल काढणारं टूल), दुसऱ्या तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर, मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) देऊन. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अवघड तुकडे शेवटी चावतं. विंडोजची बॅड सेक्टर शोधणारी चेकडिस्क स्लॅश आर कमांड तर अशा वेळी अजिबात नाही.

तिसरी_पिन
सगळे डिस्कवर बोलताय, मुळावर कोणी जात नाही. तुमच्या प्लगला अर्थिंग आहे का? कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावून बघा, झिणझिण्या येतात का. ठाण्यातल्या जुन्या बिल्डिंगींमध्ये सर्रास हेच. तिसरी पिन भोकात जाते पण मागे तार नाही. एसएमपीएसमधले (पीसीचा पॉवर सप्लाय) फिल्टर कपॅसिटर गळती थेट कॅबिनेटवर आणून सोडतात, अर्थिंग नसलं आणि मीटर लावला तर शंभरच्या वर व्होल्ट दाखवतो. काही जण तर एक्स्टेन्शनमध्ये जात नाही म्हणून पिनच कापतात.

एसएसडी_लाव
त्याने डिस्कवर बॅड सेक्टर येतात याला पुरावा काय?

तिसरी_पिन
पुरावा आमचं घर. नौपाड्यात होतो तेव्हा डिस्क टिकायची नाही. घोडबंदरला राहायला गेलो, तीच कंपनी, तेच मॉडेल, अजून चालू आहे.

एसएसडी_लाव
हा पुरावा नाही, ही तुमची शिफ्टिंगची गोष्ट आहे.

कोपरखैरणे_रिपेअर
बॅड सेक्टर नाही येत, पण डिस्कचं सर्किट बोर्ड व्होल्टेज सर्जने जळतं हे मात्र बघितलंय. लाइट जाते-येते त्यात जास्त. अर्थिंग पाहिजेच, डिस्कसाठी नाही तर तुमच्यासाठी.

वाशी_सेक्टर९
अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर आमच्या जेएन टाईपमध्ये (वाशीच्या जुन्या सिडको बिल्डिंगी) येऊन बघा. स्लॅब डोक्यावर पडतोय तिथे अर्थिंगचं काय घेऊन बसलात. कमिटीला म्हटलं कॉमन वायरिंग बदला, तर उत्तर ठरलेलं, "आता रीडेव्हलपमेंट होणारच आहे, खर्च कशाला."

तिसरी_पिन
अगदी! आमच्याकडे हेच वाक्य मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. बिल्डर येतो, ७९अ ची (रीडेव्हलपमेंटच्या सरकारी नियमांची) मीटिंग होते, चहा-वडा होतो, कार्पेट एरियावरून भांडण होतं, बिल्डर जातो.

नेरूळची_काकू
तुमच्याकडे मीटिंग तरी होते. आमच्या सोसायटीचा सगळा हिशोब ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर, तो सेक्रेटरींच्याच ताब्यात, आणि ऑडिटच्या तोंडावर म्हणे हार्डडिस्क क्रॅश. कार्पेट एरियाची जुनी पत्रंही त्यातच.

वाशी_सेक्टर९
क्रॅश झाली का केली?

नेरूळची_काकू
ते तुम्ही म्हणालात, मी नाही.

कळव्याचा_शहाणा
नवी मुंबईवाल्यांना सिडकोने आखून दिलेले रस्ते मिळाले तरी रडणं चालूच. आम्ही कळव्यात पाणी भरायला उठतो.

वाशी_सेक्टर९
हे बघा, तुम्हाला या धाग्यात कोणी बोलावलं होतं? पडक्या स्लॅबखाली रात्र काढून दाखवा मग शहाणपणा शिकवा.

माजिवडा_जंक्शन
अरे पाण्यावर आणि स्लॅबवर भांडायचं तर दुसरीकडे भांडा. पण काकू, त्या सोसायटीच्या डिस्कबद्दल एक. 'क्रॅश' या शब्दावर गप्प बसू नका. डिस्क मागवा, ती बायोसमध्ये दिसते का बघा, दिसत असेल तर स्मार्ट रिपोर्ट काढा. त्यात एरर लॉग असतो, पॉवर ऑन अवर्स असतात, ८७६० तास म्हणजे अखंड एक वर्ष. आकडे स्वच्छ असतील आणि एक्स्टेंडेड टेस्टही पास झाली तर क्रॅशची गोष्ट जनरल बॉडीत पुन्हा सांगायला लावा.

एसएसडी_लाव
आणि आकडे स्वच्छ असूनही डिस्क खरंच मेलेली असू शकते, हे सांगायचं राहिलं वाटतं? गूगलवाल्यांचा २००७ चा पेपर वाचा, एक लाखाहून जास्त डिस्क होत्या. मेलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडून स्मार्टच्या कुठल्याच आकड्यात काही दाखवलं नव्हतं. तुमची पास झालेली टेस्ट घेऊन काय ओवाळायची? एका बिचाऱ्या सेक्रेटरीला चोर ठरवाल.

माजिवडा_जंक्शन
पेपर वाचलाय, तुम्ही अर्धाच सांगितलात. त्यातच आहे की स्कॅनमध्ये पहिला एरर आला की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरायची शक्यता ३९ पट होते. म्हणजे टेस्ट पास झाली तर फार काही कळत नाही, पण फेल झाली तर पळा. आणि तुमचं निळं गुड तर त्याच स्मार्टवर उभं आहे ना? ३६ टक्के माझ्या विरुद्ध मोजता तर स्वतःच्याही विरुद्ध मोजा. सेक्रेटरींचं मात्र बरोबर आहे तुमचं, नुसत्या रिपोर्टवरून आरोप करता येणार नाही.

एसएसडी_लाव
वा, आज सूर्य कुठून उगवला.

माझं मूळ म्हणणं अजून तेच आहे. एसएसडी लावा, बॅकअप ठेवा, या टेस्टांमध्ये रविवार घालवू नका.

कोपरखैरणे_रिपेअर
एसएसडी तर न सांगता मरते साहेब. आवाज नाही, टकटक नाही, एक दिवस बायोसमध्येच गायब. हार्डडिस्क निदान कण्हते तरी.

एसएसडी_लाव
म्हणून तर बॅकअप म्हटलं. वाचता का पूर्ण?

बरं, दुपारी जुन्या डेस्कटॉपच्या डिस्कवर लिनक्समधून तुमची ती एक्स्टेंडेड टेस्ट लावली, नुसती तोंडं बंद करायला. सकाळी निळं गुड होतं. आता रीड फेल्युअर म्हणतेय आणि १९७ मध्ये २४. व्हा खूश. डीडीरेस्क्यूला टार्गेट डिस्क तेवढीच लागते की डेटापुरती चालेल? माझ्याकडे ५०० जीबीची पडलीये, ही १ टीबीची आहे, भरलेली निम्मीसुद्धा नाही.

माजिवडा_जंक्शन
अख्ख्या डिस्कची इमेज घ्यायची तर १ टीबी किंवा मोठीच. ५०० वर फक्त महत्त्वाची फोल्डरं आधी कॉपी करून घ्या, रीड ओन्ली माउंट करून, म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही अशी उघडून. आणि आता ती टेस्ट बंद करा, परत लावू नका.

तिसरी_पिन
डेस्कटॉप म्हणालात ना? कॅबिनेटला झिणझिण्या येतात का?

एसएसडी_लाव
येतात. पण त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही.