पेटंट एजंट व्हायला एलएलबी लागत नाही

टेक कंपन्यांसाठी आयपीचं (बौद्धिक संपदेचं, म्हणजे पेटंट वगैरेचं) काम करायचं तर आधी एलएलबी आणि मग थेट बंगळुरू, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. कोर्टात उभं राहायला वकिलीची सनद हवीच. पण पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, कायद्याची नाही (पेटंट कायदा 1970, कलम 126). दोन पेपर आणि तोंडी परीक्षा. पुढे अर्जाचा मसुदा लिहिणं, पेटंट ऑफिसातल्या परीक्षकाच्या हरकतींना उत्तर देणं, सुनावणीत बाजू मांडणं हे सगळं एजंट करू शकतो. कलम 3(के) प्रमाणे नुसत्या प्रोग्रॅमला किंवा अल्गोरिदमला पेटंट नाही, म्हणून सॉफ्टवेअरच्या अर्जात तांत्रिक बाजू नेमकी मांडावी लागते. तिथे व्हीटीयूतून (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठातून) बीई झालेली आपली बेळगावची मुलं कमी पडणार नाहीत.

आणखी एक, कर्नाटकातले अर्ज चेन्नईच्या पेटंट ऑफिसकडे जातात, महाराष्ट्रातले मुंबईकडे. म्हणजे शेजारच्या चंदगडचा माणूस मुंबईला आणि आपण बेळगावकर चेन्नईला! पण अर्ज ऑनलाइन भरता येतो, सुनावणी व्हिडिओवर होते, त्यामुळे बेळगावातून काम अडत नाही. उलट इथे माणूस हवाच आहे. उद्यमबागेतल्या एका कारखानदारांनी स्वतः बनवलेलं फिक्स्चर (यंत्रावर काम करताना वस्तू पकडून ठेवणारं साधन) आधी विकायला काढलं आणि मग पेटंटचं विचारायला आले. तोवर पेटंटसाठी लागणारं नावीन्य संपलं होतं. फार वाईट वाटलं. व्यक्ती किंवा स्टार्टअपला प्रोव्हिजनल (सुरुवातीच्या, तात्पुरत्या) अर्जाची ऑनलाइन फी 1600 रुपये आहे आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात, एवढं त्यांना कुणी वेळेत मराठीत सांगायला हवं होतं.