लांबच्या पल्ल्याला .२२ की .१७?

रायफलला हाय व्हेलॉसिटीची, म्हणजे जास्त वेगाची .२२ (इंचाच्या २२ शतांश जाडीची) गोळी घेतली की १५० यार्डांवरची खारही टिपता येते, असं मत इथे कुणी मांडलंय, ते काही पटलं नाही. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) ती गोळी साधारण १२५० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते आणि शंभर यार्डांच्या आतच आवाजाच्या वेगाखाली येते. नेमकी तिथेच डळमळते. त्यापेक्षा सबसॉनिक, म्हणजे मुळातच आवाजापेक्षा कमी वेगाने सुटणारी .२२ बरी, फक्त पल्ला आखूड ठेवायचा. .१७ एचएमआर या बारीक पण वेगवान काडतुसाची १७ ग्रेनची गोळी २५५० फुटांनी सुटते, त्यामुळे वाटेत कमी खाली येते. वारा मात्र तिलाही सोडत नाही. वारा असला की मी शंभराच्या पुढे मारत नाही, जखमी जनावर बिळात गेलेलं बघवत नाही. आणि हो, एकाच ब्रँडची काडतुसं असली तरी लॉट (कारखान्यात एका वेळी बनलेली खेप) बदलला की ग्रुप, म्हणजे निशाण्यावर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते, बदलतो. आपल्या नळीला मानवलेला लॉट सापडला, की एकदमच जास्त घेऊन ठेवा.