सिकेटर आणि विळ्यासाठी चामड्याचं कव्हर + बेल्ट घरीच बनवायचाय, चामडं कोणतं घेऊ?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. आमची रावेरकडे केळी आहे, बांधाला थोडं लिंबू, म्हणजे दिवसभर कमरेला सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) आणि विळा दोन्ही लागतात. आतापर्यंत बाजारातलं कापडी कव्हर वापरत आलो, ते खालून फाटतं आणि सिकेटरचं टोक सरळ मांडीवर येतं, वरून केळीचा चीक लागून लागून ते कापड पत्र्यासारखं कडक होतं. आता ठरवलंय की चामड्याचा एक मजबूत बेल्ट आणि त्यावर दोन कव्हर स्वतःच बनवायची, हिवाळ्यात रात्री वेळ असतो. व्हिडिओ भरपूर पाहिले पण सगळे अमेरिकेतले, त्यातलं निम्मं सामान इथं कोणाला माहीत नाही आणि ते सगळे पिस्तुलाचं होल्स्टर करून राहिलेत. माझे प्रश्न असे की चामडं कोणतं आणि किती जाड, मिळेल कुठं, घरच्या शिलाई मशीनवर होईल का, आणि मे महिन्यात आपल्याकडचं ऊन अन नंतर पाऊस, यात टिकायला त्याला काय लावू. जाणकारांनी सांगा भो.

रापी_आरी
भाऊ, आमच्या घरात हेच काम आहे, आजोबा मोट शिवायचे, वडील बैलांचे पट्टे आणि चपला, मी आता बेल्ट-पर्स करतो. एकच गोष्ट आधी डोक्यात पक्की कर, हत्यारं साधी चालतील, शिलाई थोडी वाकडी चालेल, पण चामडं चुकीचं घेतलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

बाजारात मुख्य दोन प्रकार. एक सालीचं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा असल्या झाडपाल्यानं कमावलेलं, आणि दुसरं क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं. क्रोमचं मऊ, रंगीत, पटकन तयार होतं म्हणून स्वस्तही पडतं, जॅकेट, पर्स, बुटाचा वरचा भाग यात तेच असतं. पण त्याला ओलं करून आकार दिला तर तो आकार राहत नाही. कव्हरला तुला सालीचंच लागेल. ओळखायचं कसं? कडेला कापून आतला रंग बघ, सालीचं आतूनही बदामी-तपकिरी असतं, क्रोमचं आतून बहुतेक निळसर करडं दिसतं (वरून रंग मारलेला असतो, त्याला भुलू नको). न रंगवलेल्या सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो आत जिरतो आणि डाग गडद होतो. बारीक तुकडा पेटवून बघ, क्रोमची राख हिरवट-करडी पडते, सालीचं काळं कोळसं होतं. आणि जे वितळून प्लास्टिकचा वास देतं ते रेक्झिन, दुकानदार कितीही शपथा घेऊ दे. आणखी एक प्रकार असतो, चामड्याचा भुसा चिकटवून केलेली शीट, तिच्यावर पण "जेन्युइन लेदर" छापलेलं असतं, बेल्ट वाकतो तिथून पापुद्रे सुटायला लागतात. हातात घेऊन कडा बघितल्याशिवाय घ्यायचं नाही.

जाडी. एकेरी बेल्टला साडेतीन ते चार एमएम. कव्हरला तीनच्या आसपास, त्याच्यावर गेलास तर वळत नाही आणि दोनच्या खाली गेलास तर सिकेटरच्या वजनानं तोंड मिटून जातं, मग एका हाताने कव्हर उघडायचं आणि दुसऱ्याने सिकेटर घालायचा. महाराष्ट्रात आपल्याला मिळणार ते बहुतेक म्हशीचं, ते जाड असतं पण ढिलं पण असतं, म्हणून बेल्टची पट्टी पाठीच्या भागातूनच कापायची, मणक्याला समांतर. पोटाकडचं चामडं ताणलं जातं, आज बरोबर बसलेला बेल्ट पोळ्यापर्यंत दोन भोकं पुढं गेलेला असेल.

तापीकाठ
रापीभाऊंशी बरंचसं सहमत पण क्रोमला एवढं हाकलून देऊ नका. मी शहाद्याकडचा, पपईत काम आहे, माझं कव्हर क्रोमचंच आहे, जाड आहे, पाणी लागलं तरी सालीच्या चामड्यासारखं वाळल्यावर कडकडीत होत नाही. आकाराचं म्हणाल तर मी आकार दिलाच नाही, सरळ खिशासारखं शिवलंय आणि वरून बटणाची पट्टी. शेतात रोज ओलं होणारी वस्तू आहे, शोकेसमध्ये ठेवायची नाही ना.

चामडं कुठं मिळेल यावर सांगतो, डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते ना, घोड्यांचा बाजार, तिथं खोगीर, लगाम, तंग (खोगीर बांधायचा पट्टा) विकणारे बाहेरून येतात. त्यांच्याशी बोलून बघा, घोड्याच्या साजाचं चामडं म्हणजे बेल्टला एकदम योग्य माल, आणि काही नाही तर त्यांची शिलाई जवळून बघायला मिळेल, ती व्हिडिओपेक्षा जास्त शिकवते. एरवी मुंबईला जाणं असेल तर धारावीत चामड्याची दुकानं ओळीनं आहेत. कानपूरचं जाजमऊ साजाच्या चामड्यासाठी नावाजलेलं आहे आणि भुसावळहून गाडी सरळ कानपूरला जाते, पण एका बेल्टसाठी कोण जाणार. कोल्हापुरी चपलेचं काम करणाऱ्यांकडेही सालीचं असतं, तळव्याचं मात्र फार कडक असतं, ते कव्हरला घेऊ नका.

रापी_आरी
तापीकाठ भाऊ, खिशासारखं कव्हर असेल तर क्रोम चालेल, मान्य. पण विळ्याला नाही, मऊ चामड्यातून पातं आरपार येतं.

आता बेल्टचं माप. पँटच्या नंबरावर जाऊ नको, नंबर एक आणि कंबर एक असं असतं. रोजचा बेल्ट काढ, बक्कल जिथं चामड्याला अडकतं त्या घडीपासून तू वापरतो त्या भोकापर्यंत टेप लाव. ते तुझं माप. त्यात घडीसाठी तीन इंच आणि पुढच्या टोकासाठी पाच-सहा इंच वाढव. भोकं पाच, एकेक इंचावर, मधलं भोक तुझ्या मापाचं. रुंदी दीड इंच ठेव, पण आधी पँटच्या लूपमधून दीड इंच जातं का ते बघ. घडीच्या जागी चामडं आतून रापीने (चामडं कापायची-सोलायची सुरी) सोलून निम्मं पातळ कर, नाहीतर बक्कलपाशी गठ्ठा होतो आणि तिथंच भेग पडते. बक्कलच्या काट्यासाठी इंचभर लांब खाच लागते, दोन्ही टोकांना गोल पंच मारून मधलं कापायचं, खाचेची टोकं चौकोनी ठेवली तर तिथून फाटतं. भोकांचंही तेच, पंचने गोल पाडायची, खिळ्याने नाही.

आणि दोन हत्यारं लटकवायची आहेत तर एकेरी बेल्ट खाली झुकेल. चार एमएम चांगलं मिळालं तर ठीक, नाहीतर दोन-अडीचच्या दोन पट्ट्या चिकटवून कडेने शिव.

विळ्याचं कव्हर नीट समजून घे कारण इथंच हात कापायची वेळ येते. विळ्याची धार आतल्या वळणाला असते आणि वाकडं पातं सरळ म्यानात वरून जात नाही. म्हणून दोन पाखं, म्हणजे कव्हरच्या दोन बाजू, कापायची, आतल्या वळणाच्या बाजूने शिवायची आणि पाठीची बाजू उघडी ठेवायची, विळा पाठीकडून आत सरकवायचा आणि वरून बटणाची पट्टी मारायची. आता महत्त्वाचं, शिलाईच्या बाजूला दोन पाखांच्या मध्ये चामड्याचीच एक पट्टी घालायची, बोटभर रुंद. धार त्या पट्टीवर टेकते. ती नसेल तर धार थेट दोऱ्यावर बसते, रोज थोडाथोडा दोरा कापते आणि एक दिवस पातं कव्हरच्या बाहेर, तेही तू खाली वाकलेला असताना. व्हिडिओतले लोक पिस्तुलाचं करतात म्हणून ते हे दाखवत नाहीत.

माजी_फौजी_धुळे
पिस्तुलाचा विषय निघालाच तर दोन शब्द. मी माझ्या परवान्याच्या ०.३२ रिव्हॉल्वरचं होल्स्टर बनवून घेतलंय. कोणी करत असेल तर लक्षात ठेवा, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि तिथलं चामडं कडकच पाहिजे, मऊ पडून आत दुमडलं तर हत्यार परत घालताना ट्रिगरवर दाब येतो. चामडं ओलं करून आकार देताना हत्यार रिकामं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, आणि हत्याराला आधी स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म दोन वेढे गुंडाळायची. लोखंड आणि ओलं सालीचं चामडं एकत्र आलं की चामड्यावर काळे डाग पडतात आणि लोखंडाला गंज. सिकेटरलाही हेच लागू आहे. आणि काम झाल्यावर हत्यार महिनोन्‌महिने चामड्यात ठेवू नका, चामडं हवेतली ओल धरून ठेवतं.

केळीवाला_रावेर
बाप रे, एवढं कोणी सांगत नाही. त्या मधल्या पट्टीचं तर माहीतच नव्हतं. फौजी साहेब धन्यवाद, फिल्म गुंडाळायचं लक्षात ठेवतो. आता शिलाई आणि तेलाचं राहिलं. आई म्हणते शेंगदाण्याचं तेल लाव, शेजारचे काका म्हणतात गाडीचं ऑइल.

रापी_आरी
गाडीचं ऑइल अजिबात नको, शेंगदाण्याचं पण नको, ते खवट होतं आणि उंदीर कुरतडतात. आमच्याकडे पूर्वीपासून एरंडेल, फडक्यावर घेऊन अगदी हलका हात. बेल्टला दोनदा लाव, कव्हरला जेमतेम एकदा, जास्त तेल पाजलं की कव्हर लोळागोळा होतं, आकार जातो. वरून पाण्यासाठी मधमाशीचं मेण एक भाग आणि एरंडेल दोन भाग, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचं, डायरेक्ट गॅसवर नाही, आणि कोमट असताना चोळायचं. मेण वितळतं साठच्या वर, म्हणजे आपल्या मे महिन्यात अंगावर काही होणार नाही, पण ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवून जेवायला बसशील तर मेण सुटेल. पावसाळ्यात पिशवीत बंद करून ठेवू नको, बुरशी येते, खुंटीवर हवेशीर टांग.

शिलाई. घरची मशीन विसर, तीन थर म्हणजे आठ-नऊ एमएम होतात, सुई तुटून डोळ्याकडे येईल. हाताने, दोन सुयांनी. मेण लावलेला जाड नायलॉन दोरा, शिलाईच्या लांबीच्या चौपट, दोन्ही टोकांना सुई. सुयांची टोकं दगडावर घासून बोथट कर, भोक आरीने (चामड्याला भोक पाडायचा टोच्या) पाडायचं असतं, सुईने नाही. कडेपासून तीन-चार एमएमवर रेघ मार, रेघेवर जेवणाच्या काट्याने खुणा दाब म्हणजे टाके सारखे येतील, मग आरी सरळ धरून भोक. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध बाजूंनी जातात. मशीनच्या टाक्याचा एक दोरा तुटला की शिलाई उसवत जाते, या शिलाईत एक दोरा तुटला तर दुसरा धरून ठेवतो. शेवटी दोन टाके उलटे मारायचे आणि टोक लायटरने वितळवून दाबायचं. शिवायच्या आधी कडा सोल्युशनने (चपलेला लावतात तो चिकट पदार्थ) चिकटवून घे, दोन्ही बाजूला लावून बोटाला चिकट लागेनासं होईपर्यंत थांबायचं, मग हातोडी. गुळगुळीत बाजूवर चिकटवायचं असेल तर आधी पॉलिश पेपरने खरडून घे.

तापीकाठ
तीन थरात आरी घालताना नवीन माणसाचं भोक मागच्या बाजूला वाकडं निघतं. बारीक दीड एमएमचं ड्रिल लावा सरळ.

रापी_आरी
ड्रिल चामडं काढून टाकतं, आरी बाजूला सारते, म्हणून आरीचं भोक दोऱ्यावर परत मिटतं. पण ठीक आहे भो, विळ्याच्या कव्हरला पहिल्या वेळेस ड्रिल लाव, कोणी बघायला येत नाही.

सिकेटरचं कव्हर असं. आधी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचं करून बघ. सिकेटर लॉक करून पुठ्ठ्यावर ठेव, भोवती रेघ मार, मग सिकेटरच्या निम्म्या जाडीएवढी जागा आणि वर शिलाईला दीड सेंटिमीटर सोड. लॉक लावूनच माप घ्यायचं, स्प्रिंग उघडी असेल तर ती आतून कव्हर ताणत राहते. खाली बोट जाईल एवढं भोक ठेव, चीक, माती, पाणी तिथून गळून जातं, तुझं कापडी कव्हर त्यामुळंच सडत होतं. बेल्ट ओवायची पट्टी मागच्या पाखाला समोरचं पाखं जोडायच्या आधीच शिव, नंतर आत हात जात नाही. शिवून झालं की कोमट पाण्यात बुडव, बुडबुडे यायचे थांबले की काढ. उकळतं पाणी नको, चामडं आकसून वाकडं होतं. लगेच दाबायचं नाही, वरचा रंग थोडा परत उजळायला लागला की फिल्म गुंडाळलेला सिकेटर आत घालून अंगठ्याने कडा दाबत जायचं, नखं काढून. मग सावलीत, पंख्याखाली पण नको, एक दिवस. आपल्याकडे लोक ओलं चामडं उन्हात टाकतात आणि मग म्हणतात तडकलं.

कडेच्या फिनिशिंगला विदेशी डिंक मागवू नको. काष्ठौषधीच्या दुकानात कतिरा डिंक मिळतो, उन्हाळ्यात सरबतात घालतात तोच, रात्री भिजवला की फुगतो. कडा पॉलिश पेपरने घासून, डिंक लावून, जाड कापडाने गरम होईपर्यंत चोळायची, चमक येते. हे तेल लावायच्या आधी.

लेवा_पोरगा
एक नंबर माहिती शे भो. फक्त एक, दोन्ही कव्हर उजव्या बाजूला लावू नको. मोटरसायकलवर बसलं की लांब कव्हर सीटला टेकून वर येतं आणि विळ्याची मूठ बरगडीत बसते. विळा डाव्या बाजूला थोडा मागे, सिकेटर उजवीकडे खिशाच्या मागे.

केळीवाला_रावेर
मी डावखुरा आहे 😄 म्हणजे उलटं.

रापी_आरी
मग पुठ्ठ्यावर पाखं कापायच्या आधीच उलटी करून घे, चामड्याला गुळगुळीत बाजू एकच असते. कापल्यावर काही करता येत नाही. झालं की फोटो टाक.