अनुभव धागा : शब्दांवर चालणारे डिटेक्टिव्ह टेक्स्ट गेम – नागपूरकरांनो, तुमचं मत सांगा

चित्र नाही, आवाज नाही, फक्त मजकूर आणि खाली लुकलुकणारा कर्सर. मजकूर वाचायचा, काय करायचं ती आज्ञा टाइप करायची, की गोष्ट पुढे सरकते. 1976-77 च्या सुमारास गुहेत फिरण्याच्या एका खेळापासून टेक्स्ट ॲडव्हेंचर सुरू झाले. इन्फोकॉम कंपनीने 1982 साली 'डेडलाइन' आणून त्यात खून, संशयित आणि घड्याळ घातलं. 1983 च्या 'द विटनेस'मध्ये 1938 सालचं लॉस एंजेलिस आलं, म्हणजे अस्सल नॉयर, गुन्ह्यांच्या काळोख्या गोष्टींचा प्रकार. 1987 च्या 'नॉर्ड अँड बर्ट'मध्ये सगळी कोडी कोट्या आणि श्लेषांची. 2012 साली एमिली शॉर्टचा 'काउंटरफिट मंकी' आला. त्यात हातातल्या यंत्राने वस्तूच्या नावातलं अक्षर उडवायचं, की वस्तूच बदलते. हा शेवटचा खेळ फुकट मिळतो, मोबाइलवरही चालतो.

आपल्या शहरात हे खेळणारे मोजकेच, पण आहेत. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो. साध्या टेक्स्ट गेममध्ये कॉम्प्युटरला नेमका शब्द हवा असतो आणि आपण वेगळा लिहिला की तो अडतो, त्याचा वैताग येतो. शब्दखेळाच्या गेममध्ये मात्र हाच हट्ट न्याय्य वाटतो, कारण तिथे शब्द हाच पुरावा असतो. पटत नसेल तर बिनधास्त लिहा. उत्तरं मात्र फोडू नका, सुरुवातीचं एखादं चालेल.

महाल, बँकेतली नोकरी

मी 'द विटनेस' खेळलो. एक श्रीमंत माणूस जिवाला धोका आहे म्हणून आपल्याला घरी बोलावतो आणि आपल्या डोळ्यांदेखत मारला जातो. हातात 12 तास. प्रत्येक आज्ञेला एक मिनिट जातं, म्हणजे उगाच खोल्या धुंडाळत बसलात तर रात्र तिथेच सरते. खेळाच्या मूळ डब्यात आगपेटी, वर्तमानपत्र, तार असल्या खऱ्या वस्तू मिळायच्या. मी त्यांचे फक्त फोटो पाहिले, पण त्या बघूनच मन त्या काळात गेलं.

शब्दखेळ यात फारसा नाही, हे मान्य. तरी इथे लिहितोय, कारण प्रश्न कोणाला आणि कोणत्या शब्दात विचारायचा यावरच सगळं ठरतं. संशयिताला 'अमक्याबद्दल सांग' म्हटलं तर तो टोलवतो, आणि तोच पुरावा त्याच्यासमोर धरला की उत्तर बदलतं. बँकेत कर्जाची फाइल तपासताना माणूस काय बोलला यापेक्षा काय बोलायचं टाळलं ते आम्ही बघतो. तीच नजर इथे लागते. पुरावा अपुरा असताना अटक केली तर खटला कोसळतो, आणि का कोसळला तेही खेळ सांगतो. हरल्यावर इतकं नीट सांगणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही.

धरमपेठ, शाळेत मराठी शिकवते

'काउंटरफिट मंकी'तलं सुरुवातीचंच कोडं सांगते, परवानगी आहे म्हणून. जवळ 'कोडेक्स' (codex) आहे, म्हणजे जुना ग्रंथ. पुढची वाट बंद. यंत्र 'एक्स'वर लावून कोडेक्सवर रोखलं की उरतो 'कोड' (code), म्हणजे कुलपाचे आकडे, आणि त्या आकड्यांनी वाट उघडते. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली होती.

हा खेळ आपल्याला परका नाही. संस्कृत काव्यात अक्षरच्युतक, मात्राच्युतक, बिंदुच्युतक असे प्रकार आहेतच. अक्षर, मात्रा किंवा अनुस्वार गाळला की दुसरा अर्थ बाहेर यायचा. सुट्टीत मी मुलांना घेऊन फळ्यावर असाच डिटेक्टिव्ह खेळ मांडला. एक मुलगी कॉम्प्युटर झाली, बाकीच्यांनी फक्त आज्ञा द्यायच्या. कपाट बंद आहे. 'क काढ' म्हटलं, पाट मिळाला. बाहेर पाऊस आहे, 'पा काढ' म्हटलं, ऊस मिळाला, त्याने गाय खूश झाली आणि दारातून हलली. मग मेलेल्या घरमालकाची चिठ्ठी सापडली : 'भांडे आजच घेऊन जा.' मुलं अर्धा तास स्वयंपाकघरात भांडी शोधत बसली. शेवटी मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, 'मॅडम, टिंब पुसा.' भाडे. खुनाचं कारण त्या टिंबाखाली होतं.

इंग्रजीत एकेक अक्षर सुटं निघतं. आपल्याकडे काना-मात्रा त्या अक्षरालाच चिकटून येतात, म्हणून कोडी वेगळी रचावी लागतात. ती अवघड नाहीत, रचणारे कमी आहेत.

हॉस्टेल, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष

मी स्पष्ट सांगतो भाऊ, मले 'नॉर्ड अँड बर्ट' नाही जमला. आठ छोट्या छोट्या गोष्टी आहेत, नकाशा जवळपास नाहीच, सारं बोलीतल्या म्हणींवर. अमेरिकेतल्या शेतावरची म्हण मले काहून माहीत राहीन? आम्ही तिघं जण रात्री मेसमधून आल्यावर खेळून राहिलो होतो. गेममध्येच हिंट मिळते, ती घेतली, उत्तर वाचलं, तरी हसू आलं नाही. ज्या म्हणीत माणूस वाढला नाही तिचं कोडं सोडवणं म्हणजे न पाहिलेल्या गावचा पत्ता सांगणं.

'काउंटरफिट मंकी' मात्र आवडला. तिथे म्हण नाही लागत, स्पेलिंग लागते, आणि स्पेलिंग आमच्या शाळेत मारून मारून शिकवली होती. मराठी मिडियमच्या पोरानं घाबरू नये, एवढंच म्हणतो. डिक्शनरी बाजूला उघडी ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

रामदासपेठ, स्क्रीन रीडरवर खेळतो

मला दिसत नाही. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर. बहुतेक गेम माझ्यासाठी बंद दार आहेत. टेक्स्ट गेम सबंध वाचून दाखवता येतो, म्हणून लहानपणापासून हाच माझा खेळ.

वरच्या विद्यार्थ्याशी थोडी असहमती. 'नॉर्ड अँड बर्ट'मध्ये एक दुकानाचा भाग आहे, सगळा सारख्या उच्चाराच्या शब्दांचा. तिथे चॉकलेटचा 'मूस' (moose) उभा असतो, म्हणजे मोठ्या शिंगांचा प्राणी, आणि स्पेलिंग बदलून लिहिलं की तो खायचा 'मूस' (mousse) होतो, म्हणजे मऊ गोड पदार्थ. डोळ्यांनी वाचणारा माणूस स्पेलिंगमध्ये अडकतो. माझ्या कानावर दोन्ही सारखेच पडतात, त्यामुळे दुसरा अर्थ मला आधी सुचतो. त्या दुकानात मी घरातल्या सगळ्यांच्या पुढे होतो.

अक्षर उडवण्याच्या खेळात उलटं होतं. तिथे मला प्रत्येक शब्द अक्षर अक्षर करून ऐकावा लागतो. वेळ जातो, पण असं ऐकता ऐकता वाक्यातले सगळे कोनेकोपरे कळतात. एक विनंती : नवीन गेम करणाऱ्यांनी कोडी अक्षरांच्या चित्रांनी किंवा रंगांनी सजवू नयेत. सजावट माझ्यापर्यंत येत नाही आणि कोडंही हातचं जातं.

इतवारी, छापखान्यातून निवृत्त

आयुष्यभर प्रूफं तपासली. एक वेलांटी चुकली तर सबंध बातमी फिरते, हे मला कोणी शिकवायला नको. नातीने मोबाइलवर हे खेळ टाकून दिले.

मला बोलायचंय ते नॉयरबद्दल. तिकडच्या गोष्टीत रात्र, धुकं, पावसात चमकणारा रस्ता. आपल्याकडे ते चिकटवू नका. नागपुरात भीतीची वेळ मे महिन्यातली दुपार. पारा पंचेचाळिसाच्या वर, बाजाराची अर्धी शटरं खाली, कूलरच्या घरघरीत शेजारच्या खोलीतला आवाज ऐकू येत नाही, रस्त्यावर माणूस दिसला तर तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. ओळखायचा कसा? साक्षीदार कुठून आणायचा? सगळं गाव झोपलेलं. असा गेम कोणी मराठीत लिहिला तर मी त्याची प्रूफं फुकट तपासून देईन. मनापासून म्हणतोय.

प्रतापनगर, आई आणि लेक

आम्ही 'काउंटरफिट मंकी' दोघी मिळून खेळतो. त्यातली नायिका म्हणजे एका शरीरात बसवलेली दोन माणसं, एक भाषेचा अभ्यासक आणि एक स्मगलर. म्हणून खेळ स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणतो. आमचंही तसंच आहे, कीबोर्ड एक आणि डोकी दोन. लेकीचं इंग्रजी पक्कं, मला शब्दकोडी सोडवायची सवय. ती वस्तूंची यादी वाचते, मी कोणतं अक्षर उडवायचं ते सांगते. हिंट कधी घ्यायची यावर भांडणं होतात. ती म्हणते लगेच घे, मी म्हणते झोपून उठल्यावर बघू. बऱ्याचदा सकाळी कुकर लावताना मला शब्द सापडतो आणि मी तिला उठवते.

एक तक्रार आहे. खेळात बेटावरचं सरकार, शब्दांवर पाळत ठेवणारं खातं, राजकारण असं बरंच आहे. ते वाचायला छान, पण मधल्या भागात बॅग वस्तूंनी इतकी भरते की कोणती कशाला ठेवली होती ते आठवत नाही. आम्ही वही केली. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिच्यापासून होऊ शकणारे शब्द. नव्याने खेळणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवा, आणि अवघड मोडच्या नादाला लागू नका.

धागाकर्ता

इतवारीच्या काकांचं म्हणणं मी उचलून धरतो. 'इन्फॉर्म 7' नावाची भाषा 2006 पासून आहे. तिच्यात साध्या इंग्रजी वाक्यांत गेम लिहिता येतो. 'काउंटरफिट मंकी' तिच्यातच लिहिला आहे. मराठी आज्ञा समजून घेणारा गेम करायचा तर बरंच काम लागेल, कारण 'कपाट उघड', 'कपाटाला उघड', 'ते कपाट उघड ना' हे सगळं त्याला कळायला हवं. पण धरमपेठच्या मॅडमनी दाखवलं तसं फळ्यावर आणि कागदावर सुरुवात होऊ शकते. मॅडम, ती भाड्याची गोष्ट पूर्ण लिहून इथे टाकाल का? खुनी कोण, ते मात्र टाकू नका. आणि ज्यांनी 'डेडलाइन' खेळलाय त्यांचं अजून एकही मत आलेलं नाही, वाट बघतोय.