गोल्फच्या हिरवळीवरील बुरशी : आधी फवारणी की आधी दव झटकणे?

धागाकर्ता (येरवडा) : पावसाळा सरून दव पडू लागले, की गोल्फच्या मैदानावरील हरळीवर नाण्याएवढे पांढुरके ठिपके उमटतात आणि लगेच कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा पंप बाहेर निघतो. माझ्या मते येथे क्रमच चुकतो. ‘डॉलर स्पॉट’च्या या बुरशीला पाते बराच वेळ सलग ओले लागते, म्हणून सूर्योदयाच्या सुमारास लांब बांबू फिरवून किंवा दोर ओढून दव झटकले, तर तिला हवा तेवढा अवधीच मिळत नाही. संध्याकाळी पाणी देण्याची सवय मोडावी, आणि उपाशी गवतावर हा रोग अधिक बसत असल्याने नत्र थोडे-थोडे, पण वेळच्या वेळी द्यावे. शिवाय कार्बेन्डाझिम ज्या बेन्झिमिडॅझोल गटातले आहे, त्या गटाला ही बुरशी अनेक ठिकाणी दाद देईनाशी झाली आहे.

निवृत्त मैदान-व्यवस्थापक (वानवडी) : दवाचे मान्य, पण जुलैत झड लागते तेव्हा काय झटकणार? उबदार, दमट रात्री पिथियम हा गवताचा दुसरा रोग पसरला, की सकाळी गवताचे पट्टेच्या पट्टे तेलकट, काळपट दिसतात. त्या दिवसांत नत्राने लुसलुशीत झालेले गवत म्हणजे बुरशीला आयते ताट. त्यातच चेंडू वेगाने घरंगळावा म्हणून ग्रीनवरचे, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवरचे, गवत 3 ते 4 मिलिमीटरवर खरडलेले असते. अशा गवताला नुसत्या पथ्यावर जगवता येत नाही, औषध लागतेच.

धागाकर्ता : नत्राबद्दल आपले बरोबर आहे, मी ऋतूचा उल्लेख करायला हवा होता. वेगाचे मात्र पटत नाही. कापणीची उंची किंचित वाढवून हलका रूळ फिरवला, तरी चेंडूची गती राखता येते. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत तर नियमित रूळ फिरवलेल्या ग्रीनवर डॉलर स्पॉट कमी आढळला. रूळाने जमीन दबून रोग वाढेल असेच मीही समजत होतो. पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच व्हायला हवी : जमिनीला भोके पाडून वाळू भरणे, मुळाशी साचलेला वाळक्या काड्यांचा थर विरळ करणे, निचऱ्याचे चर मोकळे करणे. आणि पिथियम दिसत असताना ओल्या गवतावर यंत्र फिरवू नये, कारण ते रोग या टोकाचा त्या टोकाला नेते.

एक वाचक (कोथरूड) : सावलीतली, वारा न लागणारी ग्रीन उशिरा सुकते, हे खरे. परंतु त्या निमित्ताने झाडांवर कुऱ्हाड नको. शहरी वृक्षतोडीवर 1975 चा कायदा आहे. रीतसर परवानगीने खालच्या फांद्या विरळ केल्या, तरी पुरेसे ऊन-वारे मिळेल.

निवृत्त मैदान-व्यवस्थापक : रूळाचा मुद्दा मी मानतो. मात्र दव झटकायला रोज पहाटे साडेपाचला माणसे लागतात, आणि दिवाळीच्या आठवड्यात, नेमक्या दवाच्या दिवसांत, निम्मे माळी गावी गेलेले असतात. फवारणी एका माणसाकडून उरकते. त्या आठवड्यापुरता तरी पंप माझ्या कोठीत राहील.