लांब पल्ल्याच्या भिंगाशिवाय वन्य प्राण्यांची छायाचित्रे कशी काढत असत?

प्रश्न : प्रवासात एखादा दिवस राखून पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा मला नाद आहे. परवा तळ्याकाठी वाळक्या फांदीवर खंड्या दिसला. मी पावलापावलाने पुढे सरकत असताना त्याने एकदाच मान वळवली आणि निळी रेघ ओढावी तसा तो निघून गेला. पदरात पडले ते रिकाम्या फांदीचे छायाचित्र. त्याच दिवशी एका संग्रहालयात काचेच्या प्लेटा वापरणारा लाकडी कॅमेरा पाहिला. चारशे मिलिमीटरचे भिंग असूनही माझी ही गत, तर त्या अवजड पेटाऱ्याने वन्य प्राणी कसे टिपत असतील?

उत्तर १ : ते प्राण्याच्या मागे जातच नसत. यॉर्कशायरच्या रिचर्ड आणि चेरी केअर्टन या भावांनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेऊन सुरुवात केली, कारण घरटे उडून जात नाही. पुढे खुद्द पक्ष्यांसाठी त्यांनी पोकळ बैल तयार करवला : वर खरे कातडे आणि आत कॅमेऱ्यासह अवघडून उभा राहिलेला माणूस. एकदा रिचर्डला आत भोवळ आली आणि तो बैलासकट उलटला. चेरीने त्या चार पाय वर केलेल्या बैलाचेही छायाचित्र घेतले. भावाला आधी बाहेर काढायचे सोडून!

उत्तर २ : अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांचेही नाव घ्यायला हवे. हे मूळचे शिकारी. प्राण्याने वाटेतली दोरी ओढली की शटर आणि मॅग्नेशियमची चमक एकदमच सुटेल, अशी योजना त्यांनी केली. आजच्या कॅमेरा ट्रॅपचे मूळ त्यातच आहे. जुलै १९०६ च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये त्यांची ७४ छायाचित्रे छापली गेली, तेव्हा मासिकाचे चित्रपुस्तक झाले म्हणून संचालक मंडळातील दोघांनी राजीनामे दिले.

उत्तर ३ : इतिहास रंजक आहे, पण खंड्या उडाला तो आपल्या उभ्या आकृतीला बिचकून. मोटारीतून उतरू नये. दार उघडताच उडणारा पक्षी बंद काचेआडच्या माणसाला बराच वेळ खपवून घेतो. लपणात बसायचे असल्यास दोघांनी आत जावे आणि एकाने बाहेर पडून दूर निघून जावे, म्हणजे माणूस गेला असे समजून पक्षी पुष्कळदा परततो. घरट्याजवळ मात्र हे प्रयोग नकोत. पाने बाजूला सारून घेतलेल्या छायाचित्रापायी पिले उघडी पडतात आणि भक्षकाला आयती वाट मिळते.

प्रश्नकर्ता : सर्वांचे आभार. खंड्या ठरावीक फांदीवर परत येतो हे ठाऊक असूनही मी पाच मिनिटांत उठलो होतो. पुढच्या वेळी पहाटेच जाऊन त्या फांदीसमोर झुडपाआड बसेन. बैलाचे कातडे तेवढे जमणार नाही.