तेलाचा पाऊस पडला नव्हता, पण...

काहीजण म्हणतात की २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगच्या अपघातानंतर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात 'तेलाचा पाऊस' पडला. मला हे पटत नाही. कच्च्या तेलातले हलके घटक उडून जातात. जड, चिकट भाग मागेच राहतो. तो ढगात जाऊन परत थेंबाथेंबाने बरसेल कसा? ओल्या डांबरी रस्त्यावरचा इंद्रधनुषी तवंग तर आपल्याकडेही पहिल्या पावसात दिसतो, म्हणून आभाळातून तेल बरसलं असं होत नाही.

मात्र अफवा खोडताना दुसऱ्या टोकाला जाऊ नका. त्या प्रकरणात आकडे फुगवले गेले तसे दाबलेही गेले. सुरुवातीला रोज १,००० बॅरल गळती सांगितली, मग ५,००० झाली. शेवटी सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज निघाला की गळतीच्या पहिल्या दिवसांत रोज सुमारे ६२,००० बॅरल तेल बाहेर पडत होतं! ८७ दिवसांत एकूण सुमारे ४९ लाख बॅरल. अमेरिकी न्यायालयाने पुढे समुद्रात गेलेलं तेल ३१.९ लाख बॅरल धरलं, कारण विहिरीतून निघालेलं काही तेल थेट गोळा झालं होतं आणि मूळ आकड्यावरही वाद होता.

'एवढ्या मोठ्या आखातात हे म्हणजे दर्या में खसखस' हा युक्तिवादही फसवा आहे. तेल पाण्यात साखरेसारखं विरघळत नाही. वाऱ्याने किनाऱ्यावरच्या दलदलीत ढकललं की तिथेच रुतून बसतं.